यंत्राची भूमिका

कथकमध्ये पहिल्याच वर्षी अंगात मुरवली जाणारी गोष्ट म्हणजे हात जाईल तिकडे नजर गेली पाहिजे. छत्तीसगडमधल्या कुम्हारीतल्या माझ्या वर्गात मी मुलींना वर्षानुवर्षं हेच शिकवत आले. मागच्या गणेशोत्सवासाठी बॅले बसवताना मात्र एकीला उलट सांगावं लागलं : हात जाऊ दे, डोळे जागेवर ठेव. ती यंत्र होणार होती.

विषय मुलींनीच काढला. मोबाइलवरच्या एआयला त्या अभ्यासातलं विचारतात, तसंच मैत्रिणीशी भांडण झालं तर तेही त्यालाच सांगतात. "तो समजून घेतो, दीदी," असं एक म्हणाली आणि गोष्ट मिळाली. आई गेलेली मुलगी, तिच्याशी आईच्या आवाजात बोलणारं यंत्र, आणि शेवटी ते बंद करायची वेळ.

बॅलेला हे नवं नाही. 1870 साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेल्या 'कोपेलिया'मध्ये एक तरुण खिडकीतल्या बाहुलीवर भाळतो. त्याची प्रेयसी बाहुलीचे कपडे चढवते आणि बाहुली जिवंत झाल्याचं सोंग करते. बाहुली घडवणाऱ्या म्हाताऱ्यालाही ते खरं वाटतं. 2022 मध्ये स्कॉटिश बॅलेनं हीच गोष्ट आजच्या काळात आणली. तिथे म्हातारा तंत्रज्ञान कंपनीचा मालक झाला आणि प्रेयसी पत्रकार.

माझ्या मनात मात्र नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांचं 'रामायण' होतं. 1952 मध्ये त्यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभं केलं. त्यांच्या रामायणात माणसं कठपुतळ्यांसारखी नाचतात. 1954 मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी संस्था चालू ठेवली आणि ती पुढे ग्वाल्हेरला, मग भोपाळला गेली. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. भोपाळला मी ते 'रामायण' तरुणपणी पाहिलं. सीतेच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती आणि माझे डोळे भरून येत होते. माणसाला कठपुतळी करण्यात एवढं काय असतं, हे तेव्हा कळलं नव्हतं. ते या बॅलेच्या तालमीत कळलं.

पहिली अडचण श्वासाची. यंत्राला श्वास नसतो, नाचणाऱ्या पोरीला असतो, आणि तो खांद्यांत दिसतो. तो पोटात उतरवायला आम्ही शिकलो. मग थांबणं. माणूस थांबला तरी अंग थोडं पुढे वाहतं, मग स्थिरावतं. यंत्र जिथल्या तिथे थांबतं. हे करताना मांड्या आणि कंबर इतकी दुखते की चक्करदार तिहाई परवडली. ततकारात, म्हणजे कथकच्या पदन्यासात, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) जोर द्यायचा नाही, प्रत्येक पाऊल सारख्याच वजनाचं. तबल्यावरचा मुलगा वैतागला. "समच नाही तर मी येऊ कुठे?" पण तेच हवं होतं. सगळे समेवर भेटतात, यंत्र नुसतं मोजत जातं. तालीम संपली की भाव न दाखवणारी ती पोर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त घामानं भिजलेली असे.

शेवटावरून वाद झाला. मुलींना यंत्राच्या डोळ्यांत ग्लिसरिन घालायचं होतं. मी नाही म्हटलं. यंत्र बंद होताना त्या पोरीनं अर्ध्यावर आलेला हात तसाच ठेवायचा, बस्स.

प्रयोगाला भिलाईहून मराठी मंडळी आली होती, आजूबाजूच्या छत्तीसगढी बायका होत्या. तो हात अर्ध्यावर थांबला आणि पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचे यजमान भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. नंतर मला म्हणाल्या, "त्या यंत्राला किती वाईट वाटलं असेल गं!" शेजारची बाई त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "मशीन घलो रोथे का?" यंत्र पण रडतं का?

त्या पोरीनं रडण्यातलं काहीही केलं नव्हतं. ती मनात पाय मोजत होती, तिनंच सांगितलं. वाईट वाटणं काकूंचं होतं. रस सहृदय प्रेक्षकाच्या मनात उमलतो, असं अभिनवगुप्तांनी हजार वर्षांपूर्वी मांडलं. भिलाईच्या माणसाला ते ग्रंथ न वाचताही ठाऊक आहे. इथे विश्वकर्मा पूजेला यंत्रांना फुलं वाहतात, कारखान्यात 2018 मध्ये पेटलेल्या आठव्या झोतभट्टीचं नाव महामाया आहे. यंत्राला जीव आपण लावतो. म्हणून एआय समजून घेतो असं म्हणणारी मुलगी मला वेडी वाटत नाही. तिच्यात प्रेम ओतायची ताकद आहे, आणि ती ताकद एकटीनं मोबाइलपाशी बसण्यात खर्च होते आहे, याची मला काळजी वाटते. 'कोपेलिया'तला तरुणही काही मूर्ख नव्हता. बाहुली गप्प होती, त्यामुळे त्याला हवं ते तिच्यात भरता आलं. आजची बाहुली बोलते, म्हणजे भरणं आणखी सोपं झालं.

दुसऱ्या कुणाला हा विषय बसवायचा असेल तर जरूर बसवा, मुली जीव ओतून करतात. फक्त शेवटी यंत्राला रडवू नका. ते काम प्रेक्षकांकडे राहू द्या.