पित्याच्या नावातील 'प'

२०१८ सालच्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी पहाटे चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडले. पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिले, तो चेहऱ्याची उजवी बाजू ओळखीची वाटेना. कपाळावरील आठ्या अर्ध्यावर थांबलेल्या, गाल ओघळलेला. प्रार्थनेसाठी डोळे मिटावेत, तर डावा मिटे, उजवा उघडाच राही. जागृत राहण्याची प्रभूची आज्ञा आमचा एक डोळा अक्षरशः पाळू लागला होता.

तशाच अवस्थेत सकाळचा ख्रिस्तयाग अर्पण केला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिन्ही नावांचा आरंभ 'प'ने होतो, हे वीसहून अधिक वर्षे वेदीवर ती नावे घेऊनही आमच्या ध्यानात आले नव्हते. 'प' म्हणावयास दोन्ही ओठ मिटावे लागतात, आमचे मिटेनात. त्याहून कठीण क्षण चषक ओठांना लावताना आला. एक थेंब हनुवटीवर ओघळला. तो वस्त्राने टिपताना हात थरथरला. आजाराने नव्हे, भयाने.

मिस्सा संपल्यावर स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "फादर, तुमच्या तोंडावरून वारं गेलंय. तेल कोमट करून देते, चोळा." एका गृहस्थांना अर्धांगवायूची शंका आली. आम्ही दोघांनाही वाटेला लावले. रविवार पार पडू दे, मग पाहू, असे ठरवले. त्यात कर्तव्यनिष्ठा थोडी आणि अभिमान अधिक होता, हे आज कबूल करतो. शनिवारी सायंकाळी कॉन्व्हेंटमधील परिचारिका सिस्टरांनी आम्हांला पाहिले मात्र, त्या म्हणाल्या, "फादर, इथे तास मोजायचे असतात." त्यांनी त्याच रात्री आम्हांला रुग्णालयात धाडले.

डॉक्टरांनी प्रथम भुवया उंचावण्यास सांगितले. उजवी हलली नाही. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांगांकडून आज्ञा मिळते. म्हणून मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडे झाले तरी कपाळावर बहुधा आठी पडते. चेहऱ्याची मज्जातंतूच दुखावली, तर कपाळासह संपूर्ण बाजू स्तब्ध होते. हा निवाडा मात्र वाचकांनी घरी करू नये. तोंड वाकडे झाले, हातापायांत अशक्तपणा आला किंवा बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

ही मज्जातंतू मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवी. कानामागील हाडातील अरुंद, वळणदार बोगद्यातून ती बाहेर येते आणि चेहऱ्यावर पाच शाखांनी पसरते. तो बोगदा ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो सोळाव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञ फालोप्पिओ काही काळ मोदेनाच्या कॅथीड्रलमध्ये कॅनन होता, हे वाचून आम्हांला कौतुक वाटले. मज्जातंतूला सूज आली की त्या हाडाच्या नळीत तिला फुगण्यास जागा उरत नाही. ती चेपली जाते आणि तिचे काम थांबते. जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची चव, अश्रू, लाळ आणि कानातील एक चिमुकला स्नायू यांचीही जबाबदारी तिच्याकडेच. म्हणूनच त्या दिवसांत जेवण बेचव लागे आणि देवळाची घंटा कानात खिळ्यासारखी घुसे. स्कॉटिश शल्यविशारद सर चार्ल्स बेल यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या मज्जातंतूविषयी निबंध मांडला. आमच्या व्याधीला त्यांचेच नाव आहे.

उपचारांत पहिले ७२ तास मोलाचे. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. या मुदतीत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे झाले. ते न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, मधुमेह्यांनी तर विशेषच, कारण त्याने साखर वाढते. कानावर फोड आले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे; ती नागिणीची खूण असू शकते आणि तिचा उपचार वेगळा. सर्वांत जपावे ते डोळ्याला. तो मिटत नाही म्हणून कोरडा पडतो, बुबुळाला इजा होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी पट्टीने अलगद मिटवून ठेवणे, हे आम्ही नेमाने केले. पुढे आरशासमोर हलके व्यायाम सुरू झाले. जोर लावावयाचा नाही, ही त्यातील मुख्य शिस्त. तीन महिन्यांत पुरेशी सुधारणा नसेल, तर तज्ज्ञांकडे पुन्हा जावे.

त्या आठवड्यांत लोकांनी आमचा चेहरा वाचला आणि चुकीचा वाचला. मुलांना वाटे, फादर रागावले आहेत. एका विधवा भगिनीचे सांत्वन करताना आमचा गाल हलेना. ती अवघडून निघून गेली. त्या रात्री एक मुलगा आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात, दृढीकरणाच्या वर्गात तो एका ओठाने हसतो असे वाटून आम्ही त्याला सर्वांदेखत उभे केले होते. "देवाच्या घरात कुचेष्टा करतोस?" दुसऱ्या दिवशी त्याची आई येऊन म्हणाली, लहानपणी आजार झाल्यापासून त्याचे तोंड तसेच आहे. आम्ही "बरं" म्हणालो आणि ते प्रकरण विसरलो.

पुनरुत्थान सणापर्यंत 'प' परतला. बाकी चेहरा सावकाश आला. मज्जातंतूचे काही धागे वाट चुकून दुसऱ्याच स्नायूला जाऊन मिळाले असावेत; आम्ही हसलो की उजवा डोळा अजून किंचित मिटतो. मुले म्हणतात, "फादरांचा एक डोळा हसताना झोपतो." त्यांना हसू देतो.

त्याच उन्हाळ्यात आम्ही त्या मुलाच्या घरी क्षमा मागण्यास गेलो. आता तो संसारी गृहस्थ आहे. आम्ही शब्द जुळवीत असताना तो आमच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होता. आमचे बोलणे संपण्याआधीच त्याने विचारले, "फादर, रात्री डोळ्याला पट्टी लावता ना?"