सिंधुदुर्गाच्या पाण्याखालीं

पवनेच्या कांठीं थेरगांवांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस पोहणें शिकविण्याकरितां कोणी गुरु करावा लागला नाहीं. पाठीस सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधावा, वडील भावानें मागून ढकलून द्यावें, आणि चार घोट पाणी पोटांत गेलें म्हणजे विद्या आली, असा तो क्रम होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टींत मालवणास जाऊन समुद्राचा तळ पाहण्याचा बेत चिरंजीवांनीं मांडला, तेव्हां आम्हीं तत्काळ होकार दिला. सासष्टाव्या वर्षीं हें कसलें खूळ, असा सौभाग्यवतींचा अभिप्राय पडला. तो अगदींच निराधार नव्हता, हें पुढें कळून येईल. खरा प्रश्न नातवाचा होता. त्याचें सारें पोहणें फरशीच्या तलावांतलें. वाहत्या पाण्यांत त्यानें कधीं पाऊलही घातलेलें नाहीं. त्याला धीर देण्यास कोणी जाणता सोबत असावा, आणि तो जाणता म्हणजे अर्थातच आम्ही!

सातारा, कोल्हापूर मागें टाकून राधानगरीवरून फोंडाघाट उतरलों आणि कणकवलीमार्गें मालवण गांठलें. प्रवासवर्णनानें वाचकांस शिणवीत नाहीं. उतरलों त्या घरीं शाकाहारी पाहुण्यांसाठीं वेगळ्या भांड्यांत केलेल्या आंबोळ्या व सोलकढी मिळाली, एवढें कृतज्ञतापूर्वक नमूद करतों.

सकाळीं होडींत बसण्यापूर्वीं एक कागद भरावयाचा असतो. दमा आहे काय, हृदयविकार आहे काय, कोणतें औषध चालू आहे, असे प्रश्न त्यांत होते. आम्हांस रक्तदाबाची गोळी चालू आहे. चिरंजीव डोळ्यांनीं कांहीं सुचवूं पाहत होते. परंतु पस्तीस वर्षें मुलांना 'खरें लिहा' म्हणून सांगितलेल्या हाताला तें जमेना. डॉक्टरांचा दाखला मात्र आम्हीं घरूनच आणला होता. तो पाहूनच पुढें जाऊं दिलें.

आम्हांस खालीं नेणारा तरुण मालवणचाच, मच्छीमाराच्या घरांतला. पाठीवरच्या नळकांड्यांत प्राणवायु भरलेला असतो अशी आमची समजूत होती. वस्तुतः ती आपली नेहमींचीच हवा, पण दाबून भरलेली. जितका श्वास ओढावा तितकीच हवा तोंडाशीं यावी अशी झडप असते. ही युक्ति झाक कूस्तो व एमील गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्धीस नेली. नाक कांचेच्या मुखवट्यांत बंद, श्वास केवळ तोंडानें. खुणाही ठरलेल्या. अंगठा वर केला म्हणजे 'उत्तम' नव्हे, तर 'वर चला'. 'उत्तम' म्हणावयाचें तर अंगठा व तर्जनी जुळवावी. हें सर्व समजावून झाल्यावर त्यानें शेवटीं बजावलें, "काका, एक गोष्ट ध्यानांत ठेवा. दम रोकूचो नाय. घेवचो आणि सोडूचो."

याचें कारण विचारल्यावर त्यानें तें अचूक सांगितलें. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथें छाती भरून घेतलेली हवा कोंडून कोणी वर आला, तर तीच हवा दुप्पट फुगूं पाहते व फुप्फुस फाटतें. आम्ही जाणार होतों तें पांचसहा मीटरच. पण नियम तेथेंही तोच. आम्हीं मान डोलावली. उपनयनापासून संध्येंत पूरक, कुंभक, रेचक करणाऱ्यास श्वासाविषयीं काय सांगावयाचें, असा थोडा गर्वही मनांत होता, तो लपवीत नाहीं.

आणि घात त्या कुंभकानेंच केला! दोर धरून पाण्याखालीं जातांच कान ठणकले. नाक चिमटून हळूच फुंकर मारावी हें शिकविलें होतें, तें केलें. पण वर पाहिलें तों होडीचा तळ डोक्यावर, आणि छाती अशी घट्ट मिटली कीं श्वास आंत जाईना, बाहेर येईना. साठ वर्षांची संवय! पवनेंत बुडी मारतांनाही दम कोंडूनच मारीत होतों. त्या तरुणानें आमच्या छातीवर हात ठेवून बोटांनीं 'सोडा, सोडा' अशी खूण केली. तोंवर आम्हीं पाय झाडले होते, आणि उजव्या पायाखालीं कांहींतरी कट्‌कन मोडलें.

वर येऊन होडीची कड धरली. नातू खालींच होता. दुसऱ्या गड्याबरोबर निर्धास्त. त्याला धीर देण्यास आलेले आम्ही होडीला लोंबकळत होतों. परत फिरावें असें मनांत आलें होतें. पण काय मोडलें हें पाहिल्यावांचून जाववेना.

दुसऱ्या खेपेस श्वास मोजीत उतरलों. पिवळे-काळे पट्टे असलेले मासे चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून गेले. त्यांस आमची दखलही नव्हती. मनगटावरचा लाल दोरा काळपट दिसूं लागला. पाणी प्रकाशांतला तांबडा रंग सर्वांत आधीं गिळतें. खडकावर प्रवाळ पसरलें होतें; कांहीं गोल धोंड्यांसारखें, कांहीं कोबीच्या पानांसारखें. त्या पानांपैकीं एकाची कड हातभर अंतरावर तुटून पडली होती. तुटलेली जागा पांढरीशुभ्र.

अमरकोशांतले विद्रुम आणि प्रवाल हे पर्याय आम्हीं किती पिढ्यांकडून पाठ करवून घेतले असतील! अंगठींतलें तांबडें पोवळें निराळ्या जातीचें, बहुतेक भूमध्य समुद्रांतलें. येथलें प्रवाळ म्हणजे सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगांत शैवाल राहतें व सूर्यप्रकाशावर अन्न करून त्यांस देतें. समुद्र फार तापला कीं तें शैवाल जातें आणि प्रवाळ पांढरें पडतें. १९९८ सालीं जगभर असें झालें. अशीं प्रवाळें वर्षाला फार तर थोडीं बोटें वाढतात. आम्हीं मोडलें तें तळहाताएवढें होतें. तो तुकडा उचलावा म्हणून हात पुढें केला, तर तरुणानें मनगट धरलें आणि स्वतःच तो खडकाच्या फटींत नीट बसविला.

होडींत आल्यावर आम्हीं क्षमा मागितली. तो म्हणाला, रोज कोणाचा तरी पाय पडतो, होड्यांचे नांगरही पडतात. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हां पोटावर पाय येईल म्हणून मच्छीमारांनीं विरोध केला होता. "आता ह्या दगडांवरच आमचा पोट," असें म्हणून तो हंसला.

दुपारीं किल्ला पाहिला. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर पाया घातला. चोहोंकडे खारें पाणी असतांना आंतल्या विहिरी गोड्या! तटावर चुन्यांत उमटलेला महाराजांच्या पावलाचा ठसा दाखवितात. तेथें नातू वांकून पाहत राहिला. आम्ही मात्र फार वेळ थांबलों नाहीं.

थेरगांवीं परतल्यावर दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं त्याला केजुबाईच्या बंधाऱ्यापाशीं नेलें. पाण्यावर पांढरा फेंस तरंगत होता, पलीकडे जलपर्णी. त्यानें विचारलें, "आजोबा, तुम्ही यांत पोहायचात? तळ दिसायचा?"

"दिसायचा."

"मालवणसारखा?"

प्रवाळ नव्हतें, आम्हीं सांगितलें. वाळू होती, शिंपले होते, आणि वर टाकलेलें एक नाणें खालून शोधून आणतां येत असे. किती खोल, तें त्याला हात वर करून दाखविलें.