यंत्राचा उगडास

शब्द कळला म्हणजे वस्तू कळली, असा आम्हां भाषाशिक्षकांचा जुना समज आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र कधी कधी शब्दच विद्यार्थ्याच्या वाटेत आडवा येतो. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. परंतु पेडणे-डिचोलीकडील लहान शाळांतून ज्याचा तास मोकळा, त्याच्याकडे संगणकाची खोली, असे पुष्कळदा घडते. तशी ती माझ्याकडे आली. २०२१ साली गोवा शासनाने शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची योजना हाती घेतल्यापासून तर या यंत्राशी ओळख टाळणे शिक्षकास कठीणच झाले आहे.

प्रथम खटकला तो ‘सी. पी. यू.’ हा शब्द. टेबलाखालच्या सबंध पेटीस सारेजण याच नावाने ओळखतात. वास्तविक ती पेटी म्हणजे केवळ घर होय. खरा सी. पी. यू., म्हणजे प्रोसेसर, हा त्या घरातील कर्ता. आकाराने बिस्किटाएवढा आणि ‘मदरबोर्ड’ नावाच्या पाटीवर बसविलेला. आज्ञा वाचणे, आकडेमोड करणे, तुलना करणे ही त्याची कामे. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला, तेव्हा हेच काम काचेच्या निर्वात नळ्या करीत. १९७१ साली इंटेलने ‘४००४’ हा प्रोसेसर काढला, त्यात नखाहून लहान तुकड्यावर सुमारे २३०० ट्रान्झिस्टर मावले होते.

दुसरा शब्द ‘स्मृती’. हा अधिक फसवा. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थिनीने आजीकडून ऐकून धालोवर निबंध लिहिला व तासभर खपून तो संगणकावर उतरविला. इतक्यात गडगडाट झाला आणि वीज गेली. वीज परतली, निबंध परतला नाही. “सर, हाका कसलोच उगडास उरना?” तिने रडवेल्या स्वरात विचारले. कोंकणीत आठवणीला आम्ही उगडास म्हणतो. तो जन्मभर पुरतो. यंत्राच्या स्मृतीकडूनही तिने तीच अपेक्षा केली, यात तिचा काय दोष?

मी तिला फळा दाखविला. ‘रॅम’ ही स्मृती म्हणजे वर्गातील फळा. चालू कामापुरते त्यावर मांडायचे. तास संपला की तो पुसला जातो. रॅममधील अक्षरे सूक्ष्म विद्युतभारांच्या रूपाने राहतात. ते भार सारखे गळत असतात आणि सेकंदात अनेकवार पुन्हा भरावे लागतात. वीज गेली की भरणारे कोणी उरत नाही. हार्ड डिस्क ही मात्र वही. तीत चुंबकीय खुणा उमटतात, आणि त्या विजेवाचूनही टिकतात. ‘सेव्ह’ करणे म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवून घेणे. जाहिरातीतील ‘८ जी. बी. रॅम, ५१२ जी. बी. साठवण’ याचा अर्थ एवढाच, की फळा इतका रुंद आणि वही इतकी जाड. फळा रुंद असला तर अनेक गणिते एकाच वेळी मांडता येतात. गणित सोडविणाऱ्याची बुद्धी त्याने वाढत नाही. ती प्रोसेसरची बाब.

ज्यांच्या घरी संगणक आहे, त्या मुलांस हे शब्द खेळता खेळता मिळतात. इतरांस ते शाळेनेच द्यावयास हवेत, आणि ते काम विज्ञानशिक्षकाइतकेच भाषाशिक्षकाचेही आहे. विद्यार्थिमित्रहो, यंत्रापुढे बसाल तेव्हा त्याच्या भागांची नावे पाठ करून थांबू नका. प्रत्येक भाग काय करतो, ते स्वतःच्या बोलीत सांगून पाहा. त्या मुलीने निबंध पुन्हा लिहिला, आणि या वेळी प्रत्येक परिच्छेदानंतर तो ‘वहीत’ उतरविला.