नाचाला गुण कशाचे?

अमेरिकेतल्या विद्यापीठात नृत्य हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवणे वेगळे आणि तीच पदवी ‘ऑनर्स’सह मिळवणे वेगळे. ऑनर्ससाठी साधारणपणे आधीच्या वर्षांचे गुण बरे लागतात, विभागाची संमती लागते आणि शेवटच्या वर्षी एक मोठे काम तडीस न्यावे लागते: स्वतः बसवलेली नृत्यरचना, तिचा रंगमंचावरचा प्रयोग, तिच्यामागचा विचार मांडणारा लेखी प्रबंध आणि बऱ्याच ठिकाणी परीक्षकांसमोर तोंडी चर्चा. तपशील विद्यापीठागणिक बदलतात, पण सगळीकडे एक प्रश्न उरतोच. वीस-पंचवीस मिनिटांच्या त्या नाचातल्या नेमक्या कशाचा हा सन्मान? नाच उत्तम झाला म्हणून, असे सोपे उत्तर कुणीही देईल. मला ते पटत नाही. उत्तम नाचणाऱ्याला नृत्यसंस्था आहेत, प्रेक्षक आहेत, टाळ्या आहेत. विद्यापीठाने सन्मान करायचा तो रचनाकाराने घेतलेल्या निर्णयांचा, आणि त्या निर्णयांची जबाबदारी घेण्याच्या त्याच्या तयारीचा.

नृत्य विद्यापीठात शिरले कसे, हे पाहिले तर ही भूमिका आगंतुक वाटणार नाही. अमेरिकेतला नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम 1926 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला मंजूर झाला. तो उभा करणाऱ्या मार्गारेट एच्डुब्लर व्यावसायिक नर्तकी नव्हत्या. त्या जीवशास्त्र शिकलेल्या, बास्केटबॉल शिकवणाऱ्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका होत्या. त्यांच्या वर्गात मानवी सांगाडा असे. विद्यार्थिनींना त्या जमिनीवर झोपवत, म्हणजे तोल सांभाळण्याची चिंता मिटून सांधा कुठून वळतो, स्नायू कुठे ताणला जातो हे जिचे तिला उमगावे. स्वतः करून दाखवणे त्या कटाक्षाने टाळत, कारण करून दाखवले की नक्कल सुरू होते. नृत्य पदवीच्या लायकीचे ठरले ते शरीराच्या हालचालीविषयी तिथे विचार होत होता म्हणून. तिथून कुणी तारका घडवून पाठवाव्यात, अशी अपेक्षाच नव्हती. (पुढे आधुनिक नृत्यात मोठे नाव झालेल्या ॲना हालप्रिन त्यांच्याच शिष्या, ही गोष्ट निराळी.)

यावर पहिला आक्षेप असा की निर्णय डोळ्यांना दिसत नाहीत, दिसतो तो नाच. मग मोजायचे काय? हा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, पण नृत्यकलेच्या इतिहासातच त्याला उत्तर आहे. 1960 नंतरच्या दोन वर्षांत न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या स्टुडिओत रॉबर्ट डन या संगीतकाराने नृत्यरचनेचे वर्ग घेतले. तिथे रचना चांगली की वाईट यावर बोलण्याऐवजी ती कशी केली याची चर्चा व्हायची: कोणता नियम घातला, तो कुठे मोडला, क्रम फाशांवर सोडला की स्वतः ठरवला. त्या वर्गातून 6 जुलै 1962 चा तिथल्याच जडसन चर्चमधला प्रयोग निघाला आणि अमेरिकन नृत्याची दिशा बदलली. म्हणजे मूल्यमापन नाकारणाऱ्या त्या खोलीतही कसून परीक्षा चाललीच होती, फक्त आवडीनिवडीची नव्हती. पुढे नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी प्रतिसाद देण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यातही प्रेक्षक आधी आपल्याला काय भिडले ते सांगतात, मग कलाकार प्रश्न विचारतो, मग प्रेक्षक आपला कौल न मिसळता तटस्थ प्रश्न विचारतात आणि मत देण्याआधी परवानगी घेतात. ऑनर्सच्या तोंडी परीक्षेला याहून चांगला साचा मला सुचत नाही. ‘तिसऱ्या भागात सगळे पाठमोरे का?’ या प्रश्नावर विद्यार्थिनी काय म्हणते, त्यावर बरेच काही कळते. ‘छान दिसत होते म्हणून’ हेही उत्तर चालेल, पण छान म्हणजे काय, हे तिला पुढे सांगता आले पाहिजे.

खरा अडचणीचा आक्षेप दुसरा आहे. निर्णय शब्दांत मांडायचे म्हटले की शब्दांवर हुकूमत असलेल्याचे फावते. नाच मागे पडतो आणि प्रबंधाची सचित्र पुरवणी होऊन बसतो. हे घडते, हे मान्यच केले पाहिजे. तत्त्वज्ञांच्या नावांनी गच्च भरलेले प्रबंध आणि त्यांच्याशी काही देणेघेणे नसलेले नाच, अशी जोडी कुठल्याही नृत्य विभागाला अनोळखी नसावी. पण यावर लेखनच काढून टाकणे हा उपाय नव्हे. नृत्य हवेत विरते आणि त्याची नोंद ठेवावीच लागते, हे विद्यापीठाबाहेरच्या व्यवहारानेही ओळखले आहे. हान्या होल्म यांची ‘किस मी, केट’ या ब्रॉडवे संगीतिकेतली नृत्ये 1952 मध्ये कॉपीराइटसाठी नोंदली गेली ती लाबान यांच्या नृत्यनोंदीच्या चिन्हलिपीत उतरवूनच, आणि नृत्यरचनेला स्वतःच्या नावाने कायद्यात जागा मिळायला 1976 उजाडावे लागले. तेव्हा प्रबंधाऐवजी तालमीची वही मागावी: रोज काय ठरले, काय टाकून दिले, कोणत्या नर्तकाच्या शरीराने कोणती कल्पना हाणून पाडली. अशी वही मोडक्यातोडक्या भाषेतही लिहिता येते, आणि तत्त्वज्ञांची नावे पेरून ती फुगवता येत नाही.

आपल्याकडून येणारा आक्षेप याहून धारदार आहे. निर्णय म्हणजे नावीन्य असे धरले तर परंपरेत घडलेला विद्यार्थी आपोआप मागे पडतो. अमेरिकेतल्या मराठी घरांतली कितीतरी मुले लहानपणापासून भरतनाट्यम किंवा कथक शिकतात, अरंगेत्रम म्हणजे रंगमंचावरचे पहिले एकल सादरीकरण करतात. ते गुरूने बसवलेले असते, आणि त्यात कस लागतो तो अंगात मुरलेल्या शिक्षणाचा. असा विद्यार्थी ऑनर्ससाठी मार्गम, म्हणजे भरतनाट्यमचा ठरलेला पारंपरिक क्रम, घेऊन आला, तर ‘यात तुझे काय?’ हा प्रश्न अन्यायाचा ठरू शकतो. पण निर्णय म्हणजे नवेपणाच, हे समीकरणच चुकीचे आहे. एका पदावर संचारी, म्हणजे अभिनयातून कथाविस्तार, करताना कोणती कथा घ्यायची आणि कुठे थांबायचे, हाही निर्णयच. कनक रेळे यांनी केरळातल्या जुन्या कलावतींचे नृत्य चित्रित करून मोहिनीअट्टमचा अभ्यास केला आणि मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, त्यात नवे काही घुसडण्याचा अट्टहास नव्हता. काय राखायचे आणि कशाच्या आधारावर, हे मात्र त्यांना ठरवावे लागलेच.

राहता राहिला धोका पत्करण्याचा मुद्दा. सन्मान टांगणीला असला की विद्यार्थी सावध खेळतो: हमखास वठणारे संगीत, हमखास जमणारे नर्तक. परीक्षकांनी फक्त शेवटचा प्रयोग पाहिला तर असे होणारच. अमेरिकेतल्या स्वार्थमोर महाविद्यालयात 1922 पासून ऑनर्सची परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतात. ओळखीपाळखीचा दबाव टाळायला ते उत्तम, पण नृत्याच्या बाबतीत बाहेरच्या माणसाने निदान एकदा कच्च्या तालमीला येऊन बसावे असे मला वाटते. मग प्रयोग फसला, आणि का फसला हे वहीतून व चर्चेतून स्पष्ट झाले, तर ऑनर्स द्यायला हरकत नाही. उलट देखणा प्रयोग करून एकाही प्रश्नाला उत्तर न देणाऱ्याला नुसती पदवी पुरे.

आपल्याकडे हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचे तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के हवेत. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती चाळणी कदाचित बरोबर असेल. नृत्याच्या विद्यार्थ्याला ती तीन वर्षे आधीच सांगते की चुकायचे नाही, आणि चौथ्या वर्षी त्याच्याकडून अपेक्षा मात्र करते ती आजवर कुणी न केलेल्या गोष्टीची.