यंत्र कुणाचं ऐकणार?

जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत आता दोनच माणसं राहतात, कधी एकच. मुलं पुण्याला, मुंबईला, सुरतला. मागे राहिलेल्यांना मुलांकडे जाऊन राहणं नको असतं. तिथं खोली मिळते, पण गल्ली मिळत नाही. माझ्या धुळ्याच्या मावशीचे गुडघे गेलेत, दिसतंही कमी. तरी कळण्याची भाकरी तिला स्वतःच्या ओट्यावरच थापायची असते.

मावसभावानं तिच्यासाठी घरात फिरणारा, गोळ्यांची आठवण देणारा, पडझड झाली तर फोन करणारा रोबोट घ्यायचं मनात आणलं. तिला त्याचा व्हिडिओ दाखवला. तिनं शांतपणे पाहिला आणि विचारलं, "ते मन्हं ऐकी का तुन्हं?" ते माझं ऐकेल की तुझं?

या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मी या विषयावर कुठं वाचलेला नाही. जगात अशी यंत्रं आलीच आहेत. जपानमध्ये सीलच्या पिलासारखा दिसणारा पारो स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मांडीवर असतो. न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठ नागरिक विभागानं २०२२ मध्ये आठशेहून अधिक वृद्धांना एलिक्यू देण्याचा उपक्रम जाहीर केला. तो टेबलावर बसून गप्पा मारतो, औषधाची आठवण देतो. त्याला हात नाहीत. माणसाला उचलून घेणारा अस्वलाच्या चेहऱ्याचा रोबेअर जपानच्या रिकेन संस्थेनं २०१५ मध्ये दाखवला, पण तो घरोघरी पोचला नाही. म्हणजे आज यंत्र बोलू शकतं, पाहू शकतं. अंथरुणातून उठवायला मात्र अजून माणूसच लागतो.

जे बोलतं आणि पाहतं, त्याच्याबाबत मावशीचा प्रश्न जास्तच गंभीर होतो. कॅमेरा आईच्या घरात, चित्र मुलाच्या फोनवर. मुलाची काळजी खरी आहे, पण आई किती वाजता उठली, कोण भेटायला आलं, गोड खाल्लं का, हे सगळं तिला न विचारता दिसू लागलं, तर तिचं घर तिचं उरत नाही. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ मध्ये झाला. घरातला शब्द कुणाचा चालावा, हे मात्र घरच्यांनीच ठरवायचं असतं.

शब्द चालायचा तर आधी तो कळला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणीसह) बोलणाऱ्यांची नोंद अठरा लाखांवर आहे. गुगलचा सहायक २०१८ पासून मराठी ऐकतो, पण मावशी बोलते ती अहिराणी. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी लेवा बोलीतच टिपून ठेवली गेली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपानं महाराष्ट्रासमोर आली. कुणी आधी त्यांना प्रमाण मराठी बोलायला लावलं असतं, तर ती गाणी तशी राहिली असती का? म्हातारपणी बोली बदलायला लावणं ही मदत नव्हे. बदलायचं ते यंत्रानं.

आणि घरही तिचंच आहे. फरशी पुसणारं चपटं यंत्र फ्लॅटमध्ये सहज फिरतं, जुन्या घरात उंच उंबरठ्याशी अडतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो, वीज जाते, आणि नेमकी तेव्हाच मदतीची गरज सर्वांत जास्त असते. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणारा माणूस गावात नसेल, तर तिच्यावर आणखी एका वस्तूची राखण पडते.

मला रोबोट नकोसा नाही. रात्री एकटी पडलेल्या बाईसाठी वेळेवर गेलेला एक फोन जीव वाचवू शकतो. म्हणून घ्यायचाच असेल तर जरूर घ्या. पण आधी आईजवळ, वडिलांजवळ बसा. कॅमेरा कुठं चालेल आणि कुठं नाही, कुणाला काय कळवायचं, हे त्यांना ठरवू द्या. यंत्र बंद करायचं बटण त्यांच्या हाताला लागेल असं ठेवा, आणि त्यांनी ते दाबलं तर रागावू नका.