भाजीचा कप्पा : मे महिन्यातली पाने

४ मे
मंडईतून मेथी, कोथिंबीर, वांगी, कोबी, पानांसकट बीट आणि अजून हिरवट असलेले हापूस आणले. आंबे पेंढ्यातच राहू दिले. कच्चा आंबा बारा-तेरा अंशांखाली फार काळ राहिला की त्याचं पिकणं अडतं, साल डागाळते, आणि मग बाहेर काढून ठेवला तरी ती चव येत नाही. फ्रिजमध्ये तर चार-पाच अंशच असतात. पूर्ण पिकल्यावर दोन-तीन दिवस आत ठेवायला हरकत नाही.

५ मे
सासूबाईंचं म्हणणं, "भाजी आधी धुवायची, मगच फ्रिजमध्ये." मातीचा विचार केला तर रास्तच, पण पानांवर पाणी राहिलं की सड तिथूनच सुरू होते. मी कोथिंबीर निवडून, न धुता, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली. त्यांनी मेथी धुतलीच, मात्र पंच्यावर पसरून पंख्याखाली पार कोरडी केली. तसंही चालतं.

८ मे
वरच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या, "अगं, आमची मेथी दोन दिवसांत पिवळी कशी पडते?" कप्पा उघडून पाहिला, तर जुडीला खेटून सफरचंदं. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते. १९०१ साली रशियात नेल्युबोव यांनी दाखवलं, की प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे वाकडे वाढत होते. पिकलेलं सफरचंद स्वतःच हा वायू तयार करतं, हे इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी १९३४ साली सिद्ध केलं. काकूंची सफरचंदं आता वरच्या कप्प्यात, बंद डब्यात.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की खुडलेली भाजी श्वास घेतच असते. साठवलेली साखर आणि पाणी ती खर्च करत राहते. तापमान दहा अंशांनी उतरलं की तो खर्च निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. फ्रिजचं काम एवढंच. ऐन उन्हाळ्यात विहिरीचं पाणी देऊन कोणी वाढवलेली जुडी आपल्या घरी कचऱ्यात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

९ मे
बटाटे टोपलीत, अंधारात. फ्रिजच्या गारव्यात त्यांच्या स्टार्चची साखर होते आणि काचऱ्या काळपट होतात. कांदे त्यांच्यापासून लांब, हवेशीर.

१० मे
वांगी उष्ण हवेतली, थंडी त्यांना सोसत नाही. फार दिवस आत राहिली की बिया काळ्या पडतात. आज भरली वांगी केली. बिटाची पानं मात्र आणल्या दिवशीच कापली होती, कारण ती कंदातलं पाणी ओढून घेतात. त्यांची भाजी तेव्हाच झाली.

उद्या मेथी संपवायची. मग बीट. कोबी आठवडाभर थांबेल.