रोहितांचा गुलाबी रंग आणि फुकटचं सॉफ्टवेअर

थंडी पडली की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी मामेभाऊ, कधी ब्लॉगवरचा मित्र. "शिवडीला जाऊन फ्लेमिंगोंचे फोटो काढलेत. आता फोटोशॉप घेऊ, की फुकटातलं काही चालेल?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी शिवडीचं गणित. आपली खाडी पूर्वेला. सकाळी जेट्टीवर उभं राहिलं की सूर्य थेट डोळ्यांत आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. दुपारनंतर ऊन पाठीमागून येतं आणि भरती चढत असेल तर पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. ही वेळ साधली तर निम्मं एडिटिंग वाचतं. याहून स्वस्त सॉफ्टवेअर नाही!

उरतं काय? कडा कापणं, तिरकं क्षितिज सरळ करणं, उजेड थोडा वाढवणं, रंगाची झाक सुधारणं. घरगुती फोटोंना एवढंच लागतं. फोनवर स्नॅपसीड, ब्राउझरमध्ये फोटोपी, संगणकावर गिंप, रॉ फाइली असतील तर डार्कटेबल... एक पैसा न देता हे सगळं होतं. गिंप १९९६ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी आणलं. वापरायला जरा किचकट, हे खरं. फिल्टर लावून पुढे गेलं की नंतर त्यात बदल करता येत नाही, ही त्याची जुनी अडचण होती. २०२५ च्या ३.० आवृत्तीत तीही बरीचशी दूर झाली.

मग पैसे कशाचे? वेळेचे. लग्नाचे हजार फोटो एका रात्रीत निवडून एकसारखे करायचे असतील तर लाइटरूमची वर्गणी वसूल होते. वर्षातून दोनदा जेट्टीवर जाणाऱ्याची होत नाही. एके काळी फुटपाथवरच्या सीडीमुळे आपल्याकडे फोटोशॉप बहुतेकांना फुकटच माहीत होतं :) पण २०१३ पासून अडोबीने नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं थांबवलं आणि वर्गणी आणली. वर्गणी थांबली की लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, पण सुधारायचा विभाग बंद. म्हणजे घर भाड्याचं!

पण फुकट तेही दोन प्रकारचं, मंडळी. जुन्या ब्लॉगवाल्यांना पिकासा आठवत असेल. किती सोपं होतं! गुगलने २०१६ मध्ये ते बंद केलं. आपण काहीच करू शकलो नाही, कारण ते मोफत होतं, मुक्त नव्हतं. गिंप आणि डार्कटेबल मुक्त आहेत. मूळ कार्यक्रम सगळ्यांना खुला, त्यामुळे एका कंपनीने दुकान बंद केलं म्हणून ते संपत नाही. मी कुणालाही सल्ला देताना आधी हा फरक सांगतो, किंमत नंतर.

आणि हा फरकही ज्यापुढे लहान वाटतो अशी एक गोष्ट आहे. सॅच्युरेशनची पट्टी फुकटात असो वा विकतच्यात, उजवीकडे ओढायचा मोह सारखाच. शिवडीला छोटा रोहित आणि मोठा रोहित दोन्ही दिसतात. छोटा जास्त गुलाबी, चोच गडद. मोठा पांढरट, चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं. पिल्लं करडी. अन्नातून मिळणारा रंग पिसांत भरायला त्यांना काही वर्षं लागतात. पट्टी ओढली की सगळे एकाच रंगाचे, लहान-मोठं कळेनासं. लग्नाच्या फोटोत चालेल, पण पक्ष्याच्या फोटोत ती खोटी नोंद होते.

तसंच पुलाचं. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. शिवडीहून निघतो आणि चिखलाच्या पट्ट्यावरूनच पुढे जातो. आता फोनमधल्या एका बोटाने तो फोटोतून पुसता येतो, तोही फुकट. मागे निळं आकाश, पुढे गुलाबी थवा, अगदी पूर्वीसारखं!

माझं आपलं एवढंच म्हणणं. धूळ पुसा, झाक सुधारा, कडा कापा. पूल राहू द्या. पंचवीस वर्षांनी कुणी विचारलं, पूल झाल्यावर रोहित तिथे उतरत होते का, तर उत्तर आपल्या घरातल्या साध्यासुध्या फोटोंतच सापडेल. तो पुसला असेल तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या, ते उत्तर परत आणता येणार नाही.